बारशाला ताटं की पत्रावळी?

प्रश्न : ताई, आम्ही औशाजवळ राहतो. पुढच्या महिन्यात लेकराचं बारसं आहे, दीडशे माणूस होईल. नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, बोअर पण आटत आलाय. मला त्या वापरून फेकायच्या प्लेटी नको वाटतात पण सासूबाई म्हणतात दीडशे ताटं घासायला पाणी काय माहेरून आणणार आहेस का? कागदी प्लेटी अन् कागदी कप आणले तर चालतील का?
– एक वाचक, औसा

उत्तर : सासूबाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी स्वतः लोकांना सांगत होते की ताटं घासू नका, थर्माकोलच्या प्लेटी वापरा अन् पाणी वाचवा, आणि मग त्याच प्लेटी वर्षभर नाल्यात तटलेल्या बघितल्या. आता तर थर्माकोलच्या प्लेटी आपल्या राज्यात 2018 पासूनच बंद आहेत, प्लास्टिकच्या प्लेटी, ग्लास, चमचे 1 जुलै 2022 पासून देशभर. बाजारात मिळतात ती गोष्ट वेगळी.

कागदी कपाचं म्हणाल तर एक कप रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी आतून नखानं सोलून बघा, पातळ प्लास्टिक निघतं, नाहीतर त्यात चहा थांबलाच नसता. चकचकीत चंदेरी पत्रावळीचं पण तेच, फाडून बघा.

मग राहिली आपली पळसाची पत्रावळ. वाळलेल्या पानांची मिळते, पंगत बसायच्या आधी वर पाणी शिंपडून ठेवा म्हणजे तडकत नाही. वरणाला द्रोण घ्या, नाहीतर पातळ वरण पाहुण्याच्या मांडीवर (आमच्याकडे झालंय, जावईबापूच होते). जेवणं झाली की सरळ उकिरड्यात, त्याचं खतच होतं. फक्त त्यात प्लास्टिकचा कागद नाही ना ते बघा, कारण जनावर खरकट्याच्या वासानं सगळंच खातं.

पत्रावळी घेतल्या तरी ग्लास स्टीलचेच ठेवा, किंवा थोडे तांबे ठेवा आणि वरून प्या म्हणावं, जुनी माणसं तसंच पितात की. घासायला उरतील ती वाढायची भांडी अन् ग्लास. त्यातही चालू नळाखाली काहीच घासू नका, आधी खरकटं पुसून काढायचं, मग एका टपात साबण, दुसऱ्यात पहिली धुणी, तिसऱ्यात शेवटची. शेवटचं पाणी गढूळलं की ते साबणाच्या टपात जातं. मागच्या साली आमच्याकडे शंभर ताटं अशीच काढली, दोनशे लिटरचे दीड ड्रम लागले, म्हणजे ताटामागं तीन लिटर, आणि तेही सगळेजण गडबडीत असताना. तुमच्याकडं एवढं पाणी निघत असेल तर ताटंच भाड्यानं आणा, नसेल तर पत्रावळी, दोन्हीत लाजायचं काही नाही.

अजून एक. भांडी घासायला ज्या मावशी येणार त्यांचे पैसे आधी ठरवा. उरलेलं जेवण बांधून दिलं म्हणजे मजुरी झाली असं धरतात आपल्याकडे, तसं नका करू. बसायला पाट अन् सावली पण द्या, उन्हाळ्यात उघड्यावर घासायला बसवतो आपण त्यांना.

प्रश्न : आरओचं जे पाणी बाजूच्या नळीतनं जातं ते मी कुंड्यांना घालते, तुळस वाळायला लागली. पाणीच खराब असेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : त्यात तुमच्या बोअरचे क्षार गोळा झालेले असतात, तुळशीला नका घालू. फरशी पुसा, संडासात ओता, खरकट्या भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालतं. कुंडीतली वरची माती पांढरी झाली असेल तर ती बदला. आणि एकदा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या, मशीनवाल्याकडे छोटं मीटर असतंच. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत भारतीय मानकाप्रमाणे ठीक धरतात. तुमचं त्याच्या आत असेल आणि पाणी तपासून दुसरा काही दोष निघाला नसेल तर मशीन कशाला चालवताय, साधा फिल्टर लावा किंवा उकळून प्या, ते बाजूनं जाणारं पाणीच राहणार नाही.