नर्सिंगमधून हेल्थ कोचिंगकडे: कोर्स नंतर, आधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं झाली, नाईट ड्युटी आता झेपत नाही, तेच तेच पेशंट शुगर वाढवून परत ॲडमिट होताना बघून वैताग आलाय, म्हणून हेल्थ अँड वेलनेस कोच, म्हणजे लोकांना तब्येतीच्या सवयी बदलायला सोबत करणारी, व्हायचंय, तर कोणता कोर्स करू आणि राजीनामा कधी देऊ. मी पण वॉर्डातूनच या कामात आले आणि आता नवीन कोच लोकांचे सेशन ऐकून त्यांना फीडबॅक देते, त्यात नर्सेस भरपूर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाईत असाल तर एवढंच: राजीनामा आत्ता नको, कोर्सचं खाली सांगतेच, आणि आपल्याला सगळ्यात जास्त मेहनत लागते ती तोंड आवरायला.

हे तोंड आवरणं कुठल्याच कोर्सच्या जाहिरातीत नसतं म्हणून आधी तेच. आपलं सगळं ट्रेनिंग सांगण्याचं आहे. डिस्चार्जचा कागद हातात, पलीकडे नवीन ॲडमिशन येऊन थांबलेली, आणि आपण एका दमात मीठ कमी करा, रोज चाला, गोळी चुकवू नका, दोन आठवड्यांनी दाखवायला या असं म्हणून सही घेतो, पेशंट मान डोलावतो आणि जातो. तुम्ही ज्याला वैतागलाय ना, तो परत येणारा पेशंट, तो बऱ्याचदा इथेच तयार होतो, आणि त्यात ना तुमचा आळस असतो ना त्याचा. डब्ल्यूएचओच्या २००३ च्या रिपोर्टमध्ये आहे की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांची ट्रीटमेंट नीट पाळणारे सरासरी निम्मेच. गोळी गिळण्याचं हे, मग खाण्याच्या न् झोपेच्या सवयी नुसत्या सांगून कशा बदलणार?

इथे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग येतं, म्हणजे बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून यावीत अशी बोलण्याची पद्धत, कोचिंगचा कणाच म्हणा. विल्यम मिलर या सायकॉलॉजिस्टने १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना ते पहिल्यांदा लिहून मांडलं, पुढे स्टीफन रोलनिकबरोबर वाढवलं. त्यांचं म्हणणं असं की बदलाच्या बाबतीत माणूस द्विधा असतो, त्याला बदलायचंही असतं आणि नकोही असतं, आणि आपण बदलाच्या बाजूने वकिली सुरू केली की त्याच्याकडे उरते फक्त दुसरी बाजू. मग तो तीच मांडतो, आणि स्वतःच्याच तोंडून ऐकून ऐकून ती त्याला अजून पटते. चालायला वेळच मिळत नाही हो, असं क्लायंट म्हणाला की आपल्यातली सिस्टर लगेच म्हणते, अहो अर्धा तास तर काढा, तब्येतीपेक्षा काय मोठंय. त्यावर उत्तर ठरलेलं, हो पण ऑफिस, हो पण मुलं, हो पण गुडघा. तीन वेळा 'हो पण' ऐकू आलं की समजायचं, वकिली आपण करतोय. त्याऐवजी एवढंच म्हणून बघा, 'दिवस अगदी गच्च असतो तुमचा, आणि तरी चालण्याचा विषय तुम्हीच काढलात.' आणि मग गप्प. खरंच गप्प, सात आठ सेकंद. वॉर्डात एवढी शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय असं वाटायची सवय असते आपल्याला, त्यामुळे हे फार जड जातं. पण त्या गप्प राहण्यातून पुष्कळदा समोरचा स्वतःच म्हणतो, की नाही म्हणजे, जिने चढताना धाप लागते हल्ली. हे वाक्य त्याचं आहे, ते धरायचं आणि त्यावरच पुढचा प्रश्न.

अजून एक छोटी युक्ती लगेच वापरता येईल अशी. ० ते १० मध्ये हे तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं असं विचारायचं, समजा तो ५ म्हणाला, तर '८ का नाही' असं विचारायचं नाही, कारण मग तो अडचणी मोजायला बसतो. '५ म्हणालात, २ का नाही म्हणालात?' असं विचारा, आता तो कारणं मोजतो. दुखणं ० ते १० मध्ये किती, हा पेन स्केल रोज विचारणाऱ्या आपल्या लोकांना हे पटकन जमतं.

आणि माहिती द्यायचीच नाही असं मुळीच नाही, हा एक गैरसमज आहे आणि त्यामुळे काही नर्सेस कोचिंगमध्ये उगाच मुक्या होऊन बसतात. क्रम बदलायचा फक्त. तुम्हाला याबद्दल काय माहिती आहे ते आधी विचारा, मग मी थोडं सांगू का म्हणून परवानगी घ्या, दोन वाक्यांत सांगा, आणि यातलं तुम्हाला काय लागू पडतंय ते परत विचारा. बास. तुमच्याकडे शंभर गोष्टी सांगण्यासारख्या आहेत हे मान्य, पण एका सेशनला एकीनेच भागतं.

आता तुम्हाला शंका येईल की नुसतं बोलून खरंच काही होतं का. अमेरिकेतला डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम बघा, २००२ मध्ये निकाल आले. डायबेटीसच्या उंबरठ्यावरचे ३२३४ लोक, काहींना मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी, काहींना नुसती दिसायला तशीच डमी गोळी, आणि काहींना लाईफस्टाईल कोच, सुरुवातीलाच एकेकट्याचे १६ सेशन, उद्दिष्ट काय तर वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याइतका व्यायाम. सरासरी तीनेक वर्षांत डमी गोळीच्या तुलनेत डायबेटीस होण्याचं प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी कमी झालं आणि लाईफस्टाईलवाल्यांत ५८ टक्क्यांनी. त्या लोकांना व्यायाम चांगला असतो हे आधी माहीत नव्हतं असं थोडंच आहे, फरक पडला तो कोणीतरी पुन्हा पुन्हा भेटत राहिल्याने आणि गाडी घसरली की परत एकत्र बसून प्लॅन दुरुस्त केल्याने. म्हणून कोणी '२१ दिवसांत सवय' असं पॅकेज विकत असेल तर दुरूनच नमस्कार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०१० चा अभ्यास आहे, नवीन सवय अंगवळणी पडायला लोकांना साधारण ६६ दिवस लागले आणि माणसागणिक ते १८ पासून २५४ पर्यंत काहीही होतं. तुमचं स्वतःचं पॅकेज ठरवाल तेव्हा तीन महिन्यांपेक्षा कमीचं ठेवू नका असं माझं मत.

आता नर्स असण्याचा खरा फायदा आणि खरी पंचाईत, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. कोच निदान करत नाही, औषध सुचवत नाही, डोस बदलत नाही, ते आपलं काम नाही. पण क्लायंटला कळतं ना तुम्ही नर्स आहात, मग बीपीची गोळी अर्धी करू का, हा रिपोर्ट बघता का, पायावर हे काय आलंय फोटो पाठवू का, हे येणारच. त्याला उत्तर एकच, हे तुमच्या डॉक्टरांना विचारायचं, आणि काय विचारायचं ते हवं तर आत्ता मिळून लिहून काढू. फायदा कुठे, तर कधी डॉक्टरांकडे पाठवायचं हे तुम्हाला इतर कोचच्या कितीतरी आधी दिसतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरियाची (शुगर उतरवणारी) गोळी चालू असलेला माणूस उत्साहाने जेवण कमी करून तासभर चालायला लागला तर त्याची शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, हे नुसता फिटनेसवाला कोच टाळ्या वाजवत बघत बसेल, तुम्ही मात्र प्लॅन सुरू व्हायच्या आधीच म्हणाल की डॉक्टरांशी बोलून या. वजन उतरत गेलं की बीपीच्या जुन्या डोसवर उभं राहताना चक्कर येते, तेही तसंच. वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवरच्या क्लायंटने एकदम पालेभाज्यांचा मारा सुरू केला तर व्हिटॅमिन के वाढून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचं माप, हलतो, तेही. आणि छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, जीव नकोसा वाटतोय असं बोलणं, इथे सेशन थांबलं, सरळ इमर्जन्सी. हे सगळं पहिल्या भेटीच्या आधीच्या संमतीपत्रात लिहून ठेवा, की मी इथे कोच म्हणून आहे, हे उपचार नाहीत, तातडीच्या वेळी मला मेसेज करून वाट बघायची नाही.

त्याच्याच जोडीला, कंटाळवाणं आहे पण करा: तुमच्या नर्सिंग कौन्सिलला लेखी विचारा की रजिस्टर्ड नर्सने कोच म्हणून काम केलं तर नियम काय, नावापुढे आरएन लावायचं की नाही, नोंदी किती ठेवायच्या. लायसन्स गेल्यावर कोचचं सर्टिफिकेट घेऊन काय करणार? इन्शुरन्स वेगळा लागतो का तेही बघा, हॉस्पिटलच्या कव्हरमध्ये तुमचं खाजगी काम सहसा येत नाही. आणि वॉर्डातल्या पेशंटना आपले क्लायंट बनवायचं मनातही आणू नका, त्यांचा नंबर तुम्हाला कशासाठी मिळाला होता ते आठवा.

कोर्सचं. 'वेलनेस कोच' हे नाव बहुतेक ठिकाणी कायद्याने राखीव नाही, उद्या सकाळी कोणीही लावू शकतं, म्हणून सर्टिफिकेटच्या कागदापेक्षा त्यामागे काय आहे ते बघायचं. मोजमाप म्हणून अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंगचं बघा, त्यांची परीक्षा २०१७ पासून आहे, डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या मेडिकल एक्झामिनर्सच्या बोर्डाबरोबर मिळून घेतात. तिला बसायला त्यांनी मान्य केलेला कोर्स तर लागतोच, शिवाय किमान २० मिनिटांची ५० सेशन्स नोंदवावी लागतात. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीला, एसीसी म्हणतात तिला, ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग. फक्त नर्सेससाठी अमेरिकन होलिस्टिक नर्सेस क्रेडेन्शियलिंग कॉर्पोरेशनचं नर्स कोच सर्टिफिकेशन आहे. यातलंच काही करा असं नाही, तुमच्याकडे कोणतं मानलं जातं ते वेगळं असू शकतं, पण यावरून अंदाज येईल की शनिवार रविवारच्या वेबिनारमध्ये 'सर्टिफाईड' करणारे किती पाण्यात आहेत.

माझी निवडायची कसोटी एकच: तुमचं सेशन कोणी जाणकार बसून ऐकणार आहे का, आणि कुठे चुकलं ते सांगणार आहे का? नसेल तर व्हिडिओ लेक्चर कितीही असू देत, पैसे ठेवा खिशात. सिलॅबसमध्ये न्यूट्रिशन, स्ट्रेस, झोप यांचेच धडे भरलेले असतील तर तेही नको, ते तुम्हाला बरंचसं येतं, आपल्याला हवंय ते बोलण्याचं न् ऐकण्याचं. आणि कोर्सबरोबर पावडरींचे डबे विकायचे असतील, वर 'तुमच्या हाताखाली अजून दोन कोच आणा' असेल, तर तो कोर्सच नाही, तुम्हीच गिऱ्हाईक आहात.

राजीनाम्याचं एवढ्यासाठी म्हटलं की स्वतःचं काम सुरू केलं की निम्मा वेळ कोचिंगमध्ये जातच नाही, माणसं शोधणं, वेळा ठरवणं, पैशाची आठवण करणं, चौथ्या सेशननंतर गायब झालेल्याला मेसेज टाकणं यात जातो, आणि पगारासारखं ठरल्या तारखेला काही येत नाही. आधी नाईट्समधून बाहेर पडा, ओपीडी, डायबेटीस एज्युकेशन, कार्डिॲक रिहॅब, कंपनीचं हेल्थ सेंटर, असं काहीतरी दिवसाचं किंवा पार्टटाईम बघा, तिथे हेच काम पगारावर करायला मिळू शकतं आणि मुलाखतीत तुमची वॉर्डातली वर्षं मोजली जातात. काही इन्शुरन्स आणि टेलिहेल्थ कंपन्या नर्स असलेले कोच घेतात, तिथे टार्गेट्स असतात पण शिकायला बरं.

अजून एक, रागावू नका. तुम्ही नाईट्सना थकलाय की माणसांचं ऐकून थकलाय हे स्वतःला नीट विचारा. नाईट्सना असाल तर कोचिंग छान जमेल. पण दुसरं असेल तर इथे दिवसभर ऐकण्याचंच काम आहे आणि तेही संथ, वॉर्डात ताप उतरलेला चार्टवर दिसतो, इथे सहा आठवड्यांनी क्लायंट म्हणतो की आठवड्यातून दोनदा चाललो आणि तेवढ्यावर मनापासून खूश व्हावं लागतं. तसं असेल तर आधी सुट्टी घ्या, नंतर ठरवा.

सुरुवात मात्र कोर्सशिवाय करता येते. ओळखीपाळखीतले पण अगदी जवळचे नसलेले दोन तीन लोक घ्या, घरचे नकोत, घरच्यांना आपण सांगितल्याशिवाय राहत नाही. फुकट, दर आठवड्याला अर्धा तास, त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. मग ऐकताना तुमचा मजकूर सोडा, फक्त वेळ बघा, कोण किती बोललं. पहिल्या पहिल्यांदा बहुतेक नर्सेसचा अर्ध्याहून जास्त निघतो. तो पाव भागावर आला की कोर्सला नाव घाला, तोवर पैसे भरायची घाई नाही. आणि सिलॅबस हाताशी असेल तर इथेच टाका, बघून सांगते.