वाचकांचे प्रश्न : पॅसिफिकच्या बेटांवर ख्रिस्ती धर्म कोणी नेला?

प्रश्न (सांगलीहून एक निवृत्त शिक्षिका) : मुलाकडे ऑकलंडला सहा महिने राहून आले. आमच्या रस्त्याच्या टोकाला सामोअन लोकांचे चर्च होते. दर रविवारी पांढरेशुभ्र कपडे घातलेली कुटुंबेच्या कुटुंबे तिथे जात आणि त्यांचे समूहगान आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. शेजारीण म्हणाली की त्यांच्या देशात जवळजवळ सगळेच ख्रिस्ती आहेत. इतक्या दूरच्या बेटांवर हा धर्म पसरला कसा? तलवारीच्या जोरावर का?

उत्तर : तलवारीच्या प्रश्नाचे उत्तर बेटागणिक बदलते. ग्वाममध्ये १६६८ साली स्पॅनिश जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे मिशनरी) उतरले, त्यांच्यामागोमाग सैनिकांची बळजबरी आली आणि तिथल्या चामोरो लोकांची पुढच्या काही दशकांत अक्षरशः वाताहत झाली. पण आपण ज्यांचे गाणे ऐकलेत त्या सामोअन लोकांची, आणि एकंदर पॉलिनेशियाचीच (सामोआ, टोंगा, ताहिती, हवाई वगैरे बेटांच्या पट्ट्याची), हकिगत निराळी आहे.

लंडन मिशनरी सोसायटी १७९५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे ‘डफ’ नावाचे जहाज मार्च १७९७ मध्ये ताहितीला पोहोचले. जहाजावरच्या तीस मिशनऱ्यांपैकी दीक्षित पाळक अवघे चार होते. बाकीचे गवंडी, सुतार, शिंपी, विणकर असे कारागीर होते. वर्षभरातच त्यांतले बरेचसे घाबरून सिडनीला निघून गेले आणि जे टिकले त्यांच्या हाती पुढची दहा-पंधरा वर्षे काहीही लागले नाही. गाडे हलले ते पोमारे दुसरा या सरदारामुळे. आपले राज्य गमावून शेजारच्या मोरेआ बेटावर आश्रयाला गेलेला हा माणूस नव्या देवाकडे वळला, १८१५ मध्ये लढाई जिंकून परतला आणि १८१९ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे तलवार चालली, पण ती बेटावरच्याच घराण्यांची, एकमेकांवर चाललेली. सरदार बदलला की त्याची सारी माणसे बदलत, कारण देव हा कोणा एकट्याच्या मनाचा विषय नव्हता. तो वंशाचा, जमिनीचा आणि मानापमानाचा विषय होता. त्यातच युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगांच्या साथींत माणसे पटापट मरत होती आणि जुन्या देवांना त्या आवरत नव्हत्या.

मात्र माझ्या मते खरा मुद्दा पुढे आहे, आणि आपल्याकडच्या पुस्तकांत तो सहसा येत नाही. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हा धर्म नेला तो बहुतेक ठिकाणी बेटवाल्यांनीच. रुरुतू बेटाचे उदाहरण घ्या. साथीला घाबरून तिथला आऊरा नावाचा सरदार आपल्या माणसांसह होडीतून निघाला आणि भरकटत १८२१ मध्ये रायातेआ बेटाला लागला. तिथे त्याने लिहायला-वाचायला शिकणारे, जुनी धर्मबंधने सोडून दिलेले लोक पाहिले. काही महिन्यांनी तो परत निघाला तेव्हा त्याने गोरा मिशनरी नव्हे, तर रायातेआच्याच मंडळीतले (म्हणजे चर्चमधले) महामेने आणि पुना हे दोन उपदेशक सोबत नेले. रुरुतूवर मेजवानी झाली. ज्या पदार्थांना बायकांनी शिवले तर देव प्राण घेतील अशी समजूत होती ते डुकराचे आणि कासवाचे मांस बायकापुरुषांनी एकत्र बसून खाल्ले, आणि कोणीही मेले नाही. महिनाभरात रुरुतूचे देव होडीत घालून रायातेआला पाठवण्यात आले. त्यांतली ‘आआ’ नावाची लाकडी मूर्ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचे डोळे, नाक, तोंड हे सगळे अवयव छोट्या छोट्या मानवाकृतींनी घडवलेले आहेत. पाठ झाकणासारखी निघते, आत पोकळी आहे आणि त्या पोकळीत तेव्हा आणखी लहान मूर्ती सापडल्या होत्या. इतक्या कसबाची वस्तू आपल्या हाताने देऊन टाकणाऱ्यांच्या मनात त्या दिवशी काय चालले असेल, याची नोंद कोणी ठेवली नाही. नोंदी मिशनऱ्यांनी ठेवल्या आणि त्यांना तो विजय वाटला.

पुढेही हाच क्रम चालू राहिला. जॉन विल्यम्स या लंडनच्या मिशनऱ्याचे नाव सर्वत्र घेतले जाते, पण १८२३ मध्ये रारोटोंगाच्या किनाऱ्यावर एकटा उतरला आणि तिथेच राहिला तो पापेइहा हा रायातेआच्या मंडळीतला माणूस. १८३० मध्ये विल्यम्स सामोआला गेला तो टोंगात भेटलेल्या फाउएआ या सामोअन सरदाराला घेऊन. फाउएआने आधी आपल्या लोकांशी बोलणे केले, मालिएतोआ या प्रमुखाने स्वागत केले आणि बेटांवर मागे राहिले ते पुन्हा दुसऱ्या बेटांवरचे उपदेशकच. या भाषा एकमेकींच्या बहिणी असल्यामुळे त्यांना काही महिन्यांत बोलता येई. इंग्रजाला वर्षे लागत. तुवालूची गोष्ट तर योगायोगाचीच आहे. मानिहिकी बेटावरच्या मंडळीतला एलेकाना हा सेवक १८६१ मध्ये वादळात सापडला, आठ आठवडे होडीतून वाहत जाऊन नुकुलाएलाए बेटाला लागला आणि तिथेच शिकवू लागला. दोनच वर्षांनी पेरूच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्या चिमुकल्या बेटावरचे बहुसंख्य लोक पळवून नेले, हेही त्याच कथेचे दुसरे पान.

सोसायटीच्या अहवालांत या माणसांना ‘नेटिव्ह टीचर’ म्हटलेले आढळते, आणि ‘नेटिव्ह’ या शब्दाची चव मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. रारोटोंगाच्या ताकामोआ आणि सामोआच्या मालुआ या विद्यालयांतून तयार होऊन ते पुढे पापुआपर्यंत गेले आणि तिथल्या हिवतापाने त्यांतले किती तरी बायकामुलांसह मेले. आपल्या ऑकलंडच्या गल्लीतले चर्च याच परंपरेतले असण्याचा संभव मोठा आहे. सामोआने तर २०१७ मध्ये घटनादुरुस्ती करून आपण ख्रिस्ती राष्ट्र असल्याचे नोंदवले.

प्रश्न (अहिल्यानगरहून एक वाचक) : आमच्या आजोबांकडे ‘ज्ञानोदय’चे जुने अंक होते. ज्या अमेरिकन मिशनने ते पत्र काढले, त्याच मिशनने हवाई बेटेही ख्रिस्ती केली असे वाचले. हे खरे आहे का? असेल तर तिथे सारे बेट वळले आणि आमच्याकडे मात्र मूठभर माणसे, असे का झाले?

उत्तर : होय, संस्था एकच. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. त्याच बोर्डाची ‘थॅडियस’ नौका ऑक्टोबर १८१९ मध्ये बॉस्टनहून निघून १८२० च्या एप्रिलमध्ये हवाईला पोहोचली.

आता फरक पाहा. हवाईत बायकापुरुषांनी एकत्र जेवू नये, बायकांनी केळी आणि डुकराचे मांस खाऊ नये, असे कडक ‘कापू’ म्हणजे निषेध होते. ‘थॅडियस’ अजून समुद्रात असतानाच तरुण राजा लिहोलिहो राजघराण्यातल्या बायकांच्या पंगतीला जाऊन बसला, जेवला आणि एका जेवणात ती सारी व्यवस्था मोडली. मिशनरी उतरले ते पुजारी आणि मंदिरे आधीच पडलेल्या देशात. आमच्याकडे रोटीबंदी मोडायला असा एकही राजा नव्हता. ती प्रत्येक जातीच्या, प्रत्येक गावाच्या हाती होती, आणि एकाने मोडली तर वाळीत पडणारा तो एकटाच. म्हणून हिलो येथे टायटस कोन या मिशनऱ्याने जुलै १८३८ मध्ये एकाच रविवारी १,७०५ जणांना बाप्तिस्मा दिला, तर मुंबईच्या मिशनला पहिली कित्येक वर्षे बोटांवर मोजण्याइतकी माणसे मिळाली आणि पुढे नगरच्या आसपासच्या खेड्यांत, महार व मांग समाजांत, त्याने मूळ धरले.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. हवाईच्या बोलीत ‘ट’ आणि ‘क’, ‘र’ आणि ‘ल’ हे ध्वनी सर्रास एकमेकांच्या जागी येत. ‘होनोरुरू’ की ‘होनोलुलू’ असा पेच छापखान्यात रोज पडे. अखेर १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी अक्षरांवर चक्क मतदान घेतले. ‘क’ आणि ‘ल’ निवडून आले, ‘ट’, ‘र’ आणि ‘ब’ पडले, आणि अवघ्या बारा रोमन अक्षरांची लिपी ठरली. त्याच वर्षी इकडे गॉर्डन हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. संपूर्ण हवाईयन पवित्र शास्त्र (बायबल) १८३९ मध्ये पुरे झाले.

तिकडच्या यशाची किंमतही लिहिली पाहिजे. मिशनऱ्यांची पुढची पिढी जमीनदारीत आणि राजकारणात शिरली, आणि १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत करणाऱ्यांच्या सरकारचा प्रमुख झालेला सॅनफोर्ड डोल हा मिशनऱ्याचाच मुलगा होता. या कामात आपल्या पूर्वसूरींचा हात होता म्हणून युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने १९९३ मध्ये हवाईच्या मूळ रहिवाशांची जाहीर माफी मागितली.

प्रश्न (रत्नागिरीहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी) : तिथल्या लोकांनी मिशनऱ्यांना मारून खाल्ले, ही दंतकथा की इतिहास?

उत्तर : काही थोड्या प्रसंगी इतिहास. वर उल्लेखलेला जॉन विल्यम्स आणि त्याचा सोबती जेम्स हॅरिस २० नोव्हेंबर १८३९ रोजी (आजच्या वानुआतूतल्या) एरोमांगा बेटावर मारले गेले. चंदनाच्या व्यापाऱ्यांनी त्याआधी त्या बेटावर रक्त सांडले होते, आणि किनाऱ्यावर उतरणारा गोरा माणूस व्यापारी की उपदेशक, हे ओळखायला बेटवाल्यांकडे काही साधन नव्हते. २००९ मध्ये विल्यम्सचे वंशज एरोमांगाला गेले, मारणाऱ्यांच्या वंशजांनी विधिपूर्वक क्षमा मागितली आणि त्या उपसागराला विल्यम्सचे नाव देण्यात आले. फिजीच्या डोंगराळ भागात १८६७ मध्ये मारला गेलेला मेथडिस्ट मिशनरी थॉमस बेकर याच्याबाबतही २००३ मध्ये असाच समेट झाला. त्याच्या बुटाचे अवशेष सुव्हाच्या संग्रहालयात आहेत. बेकरबरोबर त्याचे फिजियन सहकारीही मारले गेले होते, त्यांची नावे मात्र सांगणाऱ्याच्या तोंडी क्वचितच येतात.

प्रश्न (वसईहून एक वाचक) : जिथे गहू नाही आणि द्राक्षेही नाहीत, तिथे प्रभुभोजनाला काय वापरत असतील?

उत्तर : प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. तिथे आधी ‘भाकर’ या शब्दाचीच अडचण होती. मराठी भाषांतरकारांना ‘जीवनाची भाकर’ असे घरातलेच लिहिता आले. पॉलिनेशियात बऱ्याच ठिकाणी मुख्य अन्न विलायती फणस, ज्याला आपण कोकणात नीरफणस म्हणतो. पण तो शब्द न घेता सामोअन पवित्र शास्त्रात ग्रीकवरून ‘आरेतो’ आणि हवाईयनमध्ये इंग्रजीवरून ‘बेरेना’ असे शब्द आणले गेले; ‘बेरेना’साठी तर मतदानात पडलेली ‘ब’ आणि ‘र’ ही अक्षरे मागच्या दाराने परत घ्यावी लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेटांवरच्याच ईश्वरविद्या शिकलेल्यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. टोंगाचे सिओने अमनाकी हावेआ यांनी नारळाला धरून मांडणी केली : खाणे आणि पिणे दोन्ही एकाच फळात आहे, आणि नारळ पिकल्यावरच पडतो, कोणाच्या घाईने आधी नाही. ताहितीच्या काही मंडळ्या आता प्रभुभोजनाला नीरफणस आणि नारळाचे पाणी घेतात.