गॅरेज प्रश्नोत्तरे: पार्ट धुवायच्या टाकीत काय भरावं?

प्रश्न: वडिलांची जुनी बजाज चेतक आहे. तिचं इंजिन घरीच खोलायचं ठरवलंय. एका लोखंडी टाकीला कूलरची मोटर आणि नळी जोडून पार्ट धुण्याची सोय केली आहे. टाकी पत्र्याच्या शेडमध्ये आहे. ओळखीचे मेकॅनिक पेट्रोल वापरतात, भाऊ रॉकेल किंवा डिझेल सुचवतो आणि शेजारी कॉस्टिक सोड्याचं पाणी. नक्की काय भरू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: तुमच्या टाकीत पाण्यात मिसळणारं डिग्रीझरच (तेल-ग्रीसचा मळ काढणारं द्रावण) भरा, दुसरं काही नको. असं ठामपणे सांगतो, कारण तुम्ही जोडलेली मोटर. ती घरच्या २३० व्होल्टवर चालते आणि थंड पाण्यात बुडून राहण्यासाठी बनवलेली असते. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलमध्ये ती सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

पेट्रोलचा विचारच सोडा. शून्याच्या खाली ४० अंशांवरसुद्धा त्याची वाफ पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि शेडच्या दुसऱ्या टोकाच्या स्विचची ठिणगीही तिला पुरते. शिवाय पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं. त्याने कर्करोग होतो आणि ते कातडीतूनही अंगात जातं. मेकॅनिक मंडळी उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये पार्ट धुतात ते बघून मला फार वाईट वाटतं.

रॉकेल आणि डिझेल त्यामानाने सौम्य. आपल्याकडच्या मानकानुसार दोन्हींचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३५ अंश असावा लागतो. पण मे महिन्यात दुपारी तुमच्या पत्र्याखाली किती तापतं ते आठवा. त्यात नळीतून फवारा उडाला की बारीक थेंब त्याहून कमी तापमानालाही पेटतात. म्हणून रॉकेल वापरायचंच तर मोटरीशिवाय, अंगणात, पसरट ट्रेमध्ये थोडंसं घेऊन ब्रशने. क्रँकच्या बेअरिंगसाठी मी अजूनही तेच सांगेन, कारण तिथे पाणी अडकून राहिलं तर गंज धरतो. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. कोरडं फिरून त्याच्या गोळ्यांवर चरे पडतात.

आता कॉस्टिक. लोखंडावर ते चालतं, पण चेतकची केसिंग आणि हेड ॲल्युमिनियमचे आहेत. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. पार्ट काळे पडतात, गॅस्केट बसण्याची सपाट कड खडबडीत होते आणि मग तिथून कायमची गळती. डिग्रीझर घेतानाही डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं बघा. तरीही मन खात्री देत नसेल तर भंगारातल्या पिस्टनवर द्रावणाचे थेंब टाकून पंधरा मिनिटं लक्ष ठेवा. बुडबुडे आले किंवा थेंबाखाली करडा डाग उमटला, तर तो डबा दुकानात परत करा.

डिग्रीझर किती पातळ करायचं ते डब्यावर दिलेलं असतं, तेवढंच करा. मळ फार चिकट असेल तर पार्ट वेगळ्या बादलीत कोमट द्रावणात रात्रभर भिजवा. गरम पाणी टाकीत ओतू नका, मोटर त्यासाठी नाही. एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि हेडमध्ये साचलेला कार्बन या द्रावणाने फारसा निघणार नाही. तो पितळी ब्रशने आणि लाकडी पट्टीने खरवडावा लागेल. ब्रेकशूला कुठलंही तेलकट द्रावण लागू देऊ नका.

तुमच्याकडच्या दमट हवेत बिडाचा सिलिंडर धुऊन ठेवला की बघता बघता त्यावर तांबूस झाक येते. तेव्हा धुतल्याबरोबर पुसा, हवा मारून कोरडा करा आणि लगेच बोअरला इंजिन ऑइलचा हात फिरवा.

मोटरीला अर्थिंग हवंच, आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा.

द्रावण मळलं की लगेच फेकू नका. रात्रभर निवळू दिलं की गाळ तळाशी बसतो आणि तेल वर तरंगतं. तेल काढून, वरचं पाणी कापडातून गाळून पुन्हा वापरता येतं. उरलेलं तेल आणि गाळ झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे विचारणा करा. गटारात मात्र ओतू नका. चिपळुणातलं पाणी उतरतं ते वाशिष्ठी नदीतच.