सीमेजवळचा बदल: शस्त्रक्रिया की आधी आरएनए?

प्रश्न : आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. माझ्या चाचणीत बीआरसीए१ या, बिघडल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकात एक्सॉन-इंट्रॉनच्या सीमेजवळ बदल सापडला, पण अहवाल म्हणतो, ‘महत्त्व अनिश्चित’. दोन्ही स्तन आत्ताच काढून टाकू का?

उत्तर : नाही ताई, एवढ्यावर नाही. मी रोज असे अहवाल वाचते. ‘अनिश्चित’ म्हणजे ‘सौम्य धोका’ नव्हे. पुरावा अपुरा आहे, इतकंच.

प्रथिन बनवण्यासाठी जनुकाची आरएनए ही नक्कल काढली जाते. तिच्यातून इंट्रॉन, म्हणजे मधले तुकडे, कापले जातात आणि एक्सॉन, म्हणजे ठेवायचे तुकडे, जोडले जातात. कापण्याची खूण म्हणजे इंट्रॉनच्या सुरुवातीची जीटी आणि शेवटची एजी ही अक्षरं. ती बिघडली तर बहुधा अख्खा एक्सॉन गळतो. प्रथिनासाठी अक्षरं तीन-तीन करून वाचली जातात. गळलेल्या अक्षरांना तीनने भाग जात नसेल, तर पुढचं वाचन चुकतं आणि प्रथिन अर्धवट राहतं. तुमचा बदल या खुणांच्या आसपास आहे. तो कापणी बिघडवतो का, हे नुसत्या डीएनएवरून ठरवणं अवघड असतं.

पण खूण बिघडली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. निरोगी माणसातही बीआरसीए१च्या अनेक आवृत्त्या बनतात. एकीत नववा आणि दहावा एक्सॉन मिळून ४६ अधिक ७७, म्हणजे १२३ अक्षरं गळतात. तीनने भाग जातो, म्हणून फक्त ४१ अमिनो आम्लं कमी होतात, बाकी प्रथिन शाबूत! ५९४-२ या जागी, म्हणजे ५९४व्या अक्षराच्या दोन अक्षरं आधी इंट्रॉनच्या शेवटी, ए ऐवजी सी आला की दहाव्या एक्सॉनची खूण मोडते. हा बदल घातक असणार, असंच वाटत होतं. पण या बदलासोबत जनुकाच्या त्याच प्रतीवर (आईवडिलांकडून मिळालेल्या दोनपैकी एकीवर) ६४१व्या जागी ए ऐवजी जी असलेल्या कुटुंबांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात ही आखूड आवृत्ती पुरेशी बनत होती आणि स्तनाच्या कर्करोगाचा मोठा धोका दिसला नाही. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

म्हणून जनुकीय समुपदेशकांना रक्तातल्या आरएनएच्या चाचणीबद्दल विचारा. कोणती आवृत्ती किती बनते, हे त्यात मोजलेलं हवं. शक्य असल्यास आईची किंवा मावशीची तपासणीही करा. आजारी पडलेल्या व्यक्तीत हा बदल नसेल, तर तोही पुरावाच. उलट, बदल असलेल्या प्रतीपासून काम करणारं प्रथिन बनतच नाही असं दिसलं, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करू. तोवर घरातला इतिहास पाहून डॉक्टर सांगतील तशी मॅमोग्राफी, एमआरआय चुकवू नका.