पूर्वीचे कपडे वर्षानुवर्षे टिकायचे, आताचे का टिकत नाहीत? महाग ब्रँडचे घेतले तर टिकतात का?

दीड हजार रुपयांचा शर्ट सहा महिन्यांत काखेत उसवला, असे तुम्ही प्रश्नाखाली लिहिले आहे. माझा अंदाज असा की तो उसवलेला नाही, शिलाईच्या कडेने विरला आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उसवलेले पुन्हा शिवता येते; विरलेल्या जागी शिवायला कापडच उरलेले नसते.

आम्ही पिढीजात शिंपी. कराडला वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, दोन मशीनचे दुकान होते. मी मात्र १९९८ साली बेंगळुरूच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात लागलो आणि पुढची सतरा वर्षे तिथे काढली. त्यातली बहुतेक वर्षे कॉस्टिंगच्या टेबलावर, म्हणजे एका शर्टाला किती कापड, किती दोरा आणि किती मिनिटे लागतात याचा हिशेब करण्यात गेली. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी ऐकीव देत नाही. असे शर्ट मी स्वतः घडवलेले आहेत.

२००६ च्या दिवाळीला मी आमच्या कारखान्यात शिवलेला एक शर्ट घालून घरी गेलो. तो परदेशी मालाच्या ऑर्डरीतला होता आणि मला त्याचा अभिमान होता. अण्णांनी तो अंगातून काढायला लावला, उलटा केला, मशीनच्या दिव्याखाली धरला आणि सुईच्या टोकाने बाजूच्या शिलाईचे टाके मोजले. इंचाला आठ भरले. स्वतः ते बारा घालत. मग त्यांनी शिलाईबाहेर सोडलेले कापड पाहिले. ते जेमतेम पाव इंच होते आणि कडेची सुते सुटू नयेत म्हणून त्यावर ओव्हरलॉकची शिलाई मारलेली होती. बटणाच्या मागचे दोऱ्याचे एक टोक चिमटीत धरून त्यांनी ओढले, तर सबंध बटण सुटून त्यांच्या हातात आले, कारण ते एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेले होते. एवढे झाल्यावर ते म्हणाले, "यात दुरुस्तीला जागाच ठेवली नाही रे तुम्ही."

मला राग आला. मी त्यांना जगाची बाजारपेठ समजावून सांगू लागलो. देशोदेशींच्या कपड्यांच्या आयातीवर असलेला कोटा १ जानेवारी २००५ पासून उठला होता आणि तेव्हापासून खरेदीदाराला माल कुठूनही घेण्याची मोकळीक मिळाली होती. गेल्या वर्षीचाच शर्ट यंदा कमी भावात द्या, नाहीतर आम्ही बांगलादेशात जातो, असे तो सरळ म्हणत असे. शर्टाच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग कापडाचा असतो, त्यामुळे बचत शोधायची ती कापडातच. शिलाईबाहेर सोडायचे कापड कमी केले आणि घेर थोडा आवळला की एका शर्टामागे चार सेंटिमीटर कापड वाचते. पन्नास हजारांच्या ऑर्डरीत ते दोन हजार मीटर होते. बाराच्या जागी आठ टाके घातले की तेवढ्याच लांबीची शिलाई एक तृतीयांश कमी टाक्यांत उरकते. दुहेरी पिळाच्या सुताऐवजी एकेरी सूत घेतले, तर दुकानात घडी घालून ठेवलेल्या शर्टात कोणालाही फरक कळत नाही. कॉलर ताठ राहावी म्हणून आत शिवून बसवायच्या बकरम या जाड कापडाऐवजी गरम दाबाने चिकटणारे अस्तर घातले की एक काम वाचते. ते हलके असले तर काही धुण्यांनंतर कॉलरवर फुगे येतात, पण तोवर शर्ट विकला गेलेला असतो.

यातला प्रत्येक बदल एकेकटा पाहिला तर क्षुल्लक आहे आणि त्यातल्या कित्येकांवर माझी सही आहे. आम्ही कपडा बिघडवला असे त्या वेळी एकदाही वाटले नाही. आम्ही फक्त गेल्या वर्षापेक्षा थोडे कमी करत होतो. हे दरवर्षी घडत गेले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. महाग म्हणजे टिकाऊ ही समजूत सोडून द्या. एकाच मजल्यावर, त्याच कारागिरांच्या हातून, सकाळी स्वस्त लेबलाचा आणि दुपारी महाग लेबलाचा माल शिवला जाताना मी पाहिला आहे. तुमच्या दीड हजारांतला मोठा वाटा दुकानाचे भाडे, जाहिरात आणि सवलतीच्या नावाने आधीच चढवलेली किंमत यांत जातो. शर्ट उलटा करून पाहा. शिलाईबाहेर अर्धा इंच कापड आहे का, इंचात दहाच्या वर टाके आहेत का, आणि शिलाईच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी ताणल्यावर सुते सरकून फट पडते का, एवढे पाहिले तरी पुरे. जीन्स घ्यायची तर निव्वळ सुती घ्या. ताणल्या जाणाऱ्या जीन्समधला लायक्रा उष्णतेने लवकर थकतो आणि गुडघ्यांना पोंगे येतात.

सगळा दोष पॉलिएस्टरला देणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या जुन्या पँटींच्या आठवणी आपण काढतो, त्यांतल्या बहुतेक टेरिकॉटच्या होत्या आणि टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असतेच. माझी शाळेची पँट अण्णा वाढत्या मापाची शिवत. दर जूनला पायांशी असलेली खालची दुमड उसवून ती दोन बोटे खाली सोडत, कमरेची मागची शिलाई मोकळी करत, आणि तीच पँट पुढे धाकट्या भावाला जाई. टिकत होते ते केवळ कापड नव्हे. आत दुमडून ठेवलेले ते जास्तीचे कापड पँटीला वर्षे मिळवून देत होते, आणि आम्ही कारखान्यात नेमके तेच कापून टाकले. हे अण्णांना मी त्या दिवाळीत कबूल करायला हवे होते. तसे न करता मी म्हणालो, "तुमच्या भावात आज कोण शर्ट शिवून घेतो?" पुढे दोन दिवस आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही.

अण्णांचेही सगळे बरोबर नव्हते, हे सांगितले पाहिजे. त्यांचा बारा टाक्यांचा शर्ट परवडत होता, कारण त्याची काजे माझी आई रात्री जेवणे आटोपल्यावर हाताने करत असे आणि तिच्या त्या कामाची मजुरी कोणत्याही बिलात लागली नाही. शिवाय पूर्वीचे सगळेच कपडे टिकत होते असे नाही. जे फाटले त्यांची पायपुसणी झाली आणि जे टिकले तेच आज कपाटात दिसतात. माझ्या लहानपणी दिवाळीखेरीज नवा कपडा न मिळणारी मुले वर्गात होती, त्यांच्या मुलांना आज तो वर्षातून चारदा मिळतो, ही गोष्टही लहान नाही. मात्र त्या स्वस्ताईची किंमत कुठेतरी कोणीतरी भरतोच. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा आम्हाला ज्यांच्या भावाचा धाक दाखवला जात असे ते हेच कामगार, हे मला पहिल्यांदा नीट समजले.

तुमचा शर्ट टाकू नका. शर्टाच्या खालच्या घेरातून चार बोटे कापड काढून काखेत चौकोनी तुकडा बसवता येतो, लांबी थोडी कमी होते इतकेच. जवळच्या शिंप्याकडे न्या, आणि तो पाहताक्षणीच "नवाच घ्या की" म्हणाला, तर दुसरा शिंपी शोधा.