घरचे स्वयंपाकघर, अन्न नोंदणी आणि विहिरीचे पाणी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. दर उन्हाळ्यात मी आणि माझ्या जाऊबाई आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुले, आंबापोळी आणि फणसपोळी करून मुंबईच्या ओळखीच्या मंडळींना विकतो. यंदापासून पर्यटकांसाठी सोलकढी बाटलीत भरून रस्त्यालगत विकावी, असा विचार आहे. माल घरगुती असल्यामुळे परवाना लागत नाही, असे काही जण सांगतात. पाणी घरच्याच विहिरीचे आहे. आरोग्याच्या दृष्टीने कोणते नियम पाळावे लागतील?

उत्तर : परवाना लागत नाही हे बहुधा खरे आहे, पण नोंदणी लागते, आणि सांगणारे नेमके तेवढेच गाळतात. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ‘घरगुती’ असा वेगळा वर्ग मानत नाही. विकण्यासाठी पदार्थ केला की तो माजघरात झाला काय आणि कारखान्यात झाला काय, तो अन्नव्यवसायच ठरतो. त्यातून नफा सुटतो की नाही, हेही कायदा पाहत नाही. कायद्यातून वगळले आहे ते शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला. बागेतले रातांबे (कोकमाची फळे) किंवा आंबे जसेच्या तसे विकलेत, तर हा कायदा आपल्याला लागू होत नाही. मात्र त्याच रातांब्यांचे आगळ करून बाटलीत भरले की तो लागू होतो.

नोंदणीचा अर्ज अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर करायचा असतो आणि त्याला छायाचित्र व ओळखपत्र एवढीच मुख्य कागदपत्रे लागतात. या कायद्याखालच्या परवाना व नोंदणीच्या २०११ च्या विनियमांनी, परवान्याऐवजी नोंदणी पुरेल अशा लहान व्यावसायिकासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवले. अशा आकड्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर दिसेल तोच आकडा धरावा. उलाढाल म्हणजे एकूण विक्री, हातात राहिलेली शिल्लक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. अर्ज पोहोचल्यापासून सात दिवसांत नोंदणी देणे, कारण देऊन नाकारणे किंवा तपासणीची सूचना देणे, यांपैकी एक गोष्ट अधिकाऱ्याने करावी, असे हे विनियम सांगतात. मिळणारा क्रमांक चौदा अंकी असतो. नोंदणीचा २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने.

कागदाचे काम एवढ्यावर संपते. अन्न सुरक्षा अधिकारी पुढेमागे पाहणीला आले, तर याच विनियमांच्या अनुसूची ४ मधील स्वच्छतेच्या अटी पाहतील : जागा स्वच्छ व कोरडी असावी, भांडी नीट घासलेली असावीत, अन्न झाकलेले असावे, नखे कापलेली असावीत, आजारी माणसाने पदार्थाला हात लावू नये आणि पाणी पिण्यायोग्य असावे. यांतील बहुतेक गोष्टी आपल्याकडच्या घरांत सोवळ्याओवळ्याच्या निमित्ताने का होईना, पाळल्या जातात. पाण्याचे मात्र तसे नाही. ‘आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे’ हे वाक्य मी कोकणात इतक्यांदा ऐकले आहे की त्याची मला थोडी धास्तीच वाटते, कारण चवीचा आणि जंतूंचा काही संबंध नाही. जांभा हा सच्छिद्र, भेगाळलेला दगड आहे. शोषखड्ड्यातले किंवा गोठ्यामागचे पाणी त्यातून फारसे न गाळता झिरपते आणि पावसाळ्यात पातळी वर आली की ते विहिरीपर्यंत सहज पोहोचते. शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटरच्या आत असेल, तर धंद्यासाठी ते पाणी न उकळता वापरूच नये. पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा, आणि तो एकदा उन्हाळ्यात व एकदा भर पावसात द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच सापडता कामा नये. विहिरीत टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर किमान एक तास पाणी उपसू नये. गढूळ पाण्यात या पावडरीचा जोर गाळातच खर्च होतो, म्हणून पावसाळ्यात उकळण्याला पर्याय नाही.

आता आपल्या पदार्थांकडे येऊ. आगळ आणि सोलकढी एकाच फळाची असली, तरी टिकण्याच्या बाबतीत त्यांचे नाते नाही. आगळात मीठ आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असल्याने ते वर्षभर राहते. सोलकढीत नारळाचे दूध येते, वरून पाणी येते, आणि यातले काहीच आपण शिजवत नाही. ती ५ अंशांखाली ठेवून त्याच दिवशी संपवावी, उरलेली दुसऱ्या दिवशीच्या कढीत मिसळू नये, आणि जुन्या पाण्याच्या बाटल्यांत तर कधीच भरू नये. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या वर्षी आपण सोलकढी पेल्यात द्यावी आणि बाटलीत केवळ आगळ विकावे. फणसाचेही जपावे. हापूसच्या रसाला स्वतःचा आंबटपणा असतो, पिकल्या फणसाला तो पुरेसा नसतो. सामू (पीएच; तो जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असलेला ओला पदार्थ हवाबंद बाटलीत नुसता उकळून भरला, तर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू त्यात वाढू शकतो. पोळी पूर्ण सुकत असल्यामुळे तिला हे भय नाही, पण पुढे फणसाचा रस भरायचा झाल्यास दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या जाणकारांना विचारल्याशिवाय भरू नये.

वेष्टनावर पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची व वापराची अंतिम तारीख, आपला पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह असावे. आगळ जुने झाले की तपकिरी पडते, म्हणून कोणी त्यात लाल रंग घालतात. घटकांत न लिहिलेला रंग हा सरळ गुन्हा आहे.

प्रश्न : मालवणजवळ आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. पाहुण्यांना आम्ही मासळीचे जेवण देतो. राहण्याच्या भाड्यातच जेवण धरले, तर नोंदणी टळते का?

उत्तर : टळत नाही. पैसे कोणत्या नावाखाली घेतले, याने अन्नव्यवसाय बदलत नाही. आपल्या बाबतीत मला अधिक काळजी बांगड्याची वाटते. बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा ही मासळी उन्हात किंवा गरम जागी राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होते, आणि मग ती कितीही तळली वा उकळली तरी ते नष्ट होत नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके दुखते, आणि लोक मसाल्याला दोष देतात. लिलावावरून मासळी घेतानाच बर्फात ठेवावी. हळद-मीठ लावून ओट्यावर तासन्‌तास ठेवण्याची सवय मोडावी. बर्फही पिण्याच्या पाण्याचाच असावा. पावसात वीज गेली, तर फ्रीजचे दार उघडू नये, आणि चार तासांवर गेल्यास आतली मासळी पाहुण्यांच्या ताटात वाढू नये. पाहुण्यांना कोळंबी, मासे किंवा काजू यांची ॲलर्जी आहे का, हे खोली देतानाच विचारून घ्यावे.

प्रश्न : गणपतीत मी फक्त पाच दिवस उकडीच्या मोदकांची मागणी घेते. अलिबागमध्ये राहते. एवढ्यासाठीही नोंदणी हवी का?

उत्तर : होय. तात्पुरता स्टॉल लावणाराही लहान व्यावसायिकांच्या व्याख्येत येतो, त्यामुळे दिवसांची संख्या कमी असल्याने सूट मिळत नाही. अर्ज श्रावणातच करून ठेवावा. मोदक वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ नयेत. २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांनी त्याला मनाई केली आहे. केळीचे पान चालेल, पण ते विहिरीवर नुसते खळबळून न घेता उकळलेल्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडे केलेले असावे. ओल्या खोबऱ्याचे सारण आदल्या रात्री करून बाहेर ठेवू नये.