पावत्या नाहीत, तरी वजावट घ्यायची का?

मेलबर्नहून एक वाचक विचारतात: "घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करण्याची माझी नोकरी आहे. पगार वर्षाला ७२,००० डॉलर. २०२४-२५ चं टॅक्स रिटर्न भरायचंय, पण पावत्या ठेवलेल्या नाहीत. सोबत काम करणारी मैत्रीण म्हणते, ३०० डॉलर खर्च, वर कपडे धुण्याचे १५० आणि गाडीचे ५,००० किलोमीटर लाव. तेवढ्याला पावती लागत नाही. करू का?"

असं सरसकट लावू नका. मैत्रिणीने सांगितलेले तिन्ही आकडे नियमांत आहेत, पण त्या कमाल मर्यादा आहेत. पावती माफ आहे, खर्च माफ नाही. पैसे तुम्ही स्वतः खर्च केलेले हवेत, मालकाने भरून दिलेले नकोत आणि आकडा कसा आला ते सांगता यायला हवं.

शिवाय तिची बेरीजच चुकली आहे. ३०० मध्ये कपडे धुण्याचा खर्च धरलेला असतो. तिचा ४५० चा दावा ३०० च्या वर जातो, म्हणून धुण्याचे १५० सोडून बाकी सगळ्याला पावती लागते, फक्त वरच्या १५० ला नव्हे. गाडीचा खर्च मात्र या ३०० मध्ये येत नाही.

तुमचा खरा पैसा गाडीतच आहे. २०२४-२५ साठी दर किलोमीटरला ८८ सेंट. पेट्रोलच्या पावत्या नकोत, पण किलोमीटरचा हिशेब हवा. घरून पहिल्या वृद्धांकडे आणि शेवटच्यांकडून घरी हा प्रवास सहसा धरता येत नाही. एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा धरता येतो. जुने रोस्टर काढा, पत्ते नकाशात टाका. समजा आठवड्याचे ४ दिवस, दिवसाला १८ किलोमीटर, ४६ आठवडे: ३,३१२ किलोमीटर, म्हणजे सुमारे २,९१४ डॉलर. कंपनी गाडीभत्ता देत असेल तर तो उत्पन्नात दाखवावा लागतो.

लोगो असलेला सक्तीचा टी-शर्ट घरच्या कपड्यांबरोबर धुतला तर एका खेपेचे ५० सेंट, फक्त कामाचे कपडे असतील तर १ डॉलर. आठवड्याला दोन मिश्र खेपा धरल्या तर वर्षाचे ४६ डॉलर होतात, १५० नव्हे. साधी काळी पँट कामावर घातली तरी तिच्या खरेदीचा दावा चालत नाही, धुण्याचाही नाही.

आता हातमोजे ९० आणि प्रथमोपचार वर्गाची फी ११० धरा. धुण्यासह २४६ झाले, पावतीशिवाय चालतील. न घसरणारे बूट १२० चे घेतले असतील तर बेरीज ३६६, आणि तिथे धुण्याचे ४६ सोडून सगळंच अडतं. अशा वेळी वर्गाची पावती ईमेलमध्ये शोधा, दुकानाकडून बुटांच्या आणि हातमोज्यांच्या पावतीची प्रत मागा. नाही मिळाली, तर बूट सोडून द्या. २४६ सुखाने घ्या. नुसतं बँक स्टेटमेंट सहसा पुरत नाही, कारण काय घेतलं ते त्यावर दिसत नाही.

आता फरक पाहा. तिच्या हिशेबाने वजावट ४,८५०, तुमच्या खऱ्या हिशेबाने ३,१६०. तुमच्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर ३० टक्के कर आणि २ टक्के मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा कर), म्हणजे फरक १,६९० वर ३२ टक्के: जेमतेम ५४१ डॉलर. एटीओ (ऑस्ट्रेलियाचं कर खातं) तुमच्यासारख्याच नोकरी-पगाराच्या लोकांशी दावा ताडून पाहते. जाणूनबुजून फुगवलेलं ठरलं तर बुडवलेला कर, त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत दंड आणि वर व्याज.

पुढच्या वर्षासाठी एटीओच्या ॲपमधल्या मायडिडक्शन्समध्ये पावतीचा फोटो त्याच दिवशी टाका. थर्मल कागदावरची शाई उडते, आणि पावत्या रिटर्न भरल्यापासून ५ वर्षं जपायच्या असतात.

गेल्या वर्षी असाच सरसकट दावा केला असेल, तर एटीओने विचारण्याआधी मायटॅक्समधून (एटीओच्या ऑनलाइन रिटर्न सेवेतून) दुरुस्ती करा. स्वतःहून कळवलं की दंड बराच उतरतो. कमी भरलेला कर १,००० डॉलरच्या आत असेल तर दंड सहसा लागतच नाही.